आजचा अभ्यास राहू द्या

(डनबारचं बंदर. खडकांवर फुटणाऱ्या लाटा. किल्ल्याचे अवशेष.)

स्कॉटलंडचा पूर्व किनारा, डनबार गाव. किल्ल्याच्या या पडक्या भिंती चढत जॉन म्युअर, पुढे अमेरिकेतलं रान जपण्यासाठी लेखणी चालवणारा, आणि त्याचा भाऊ डेव्हिड वाढले. घरून मनाई होती, म्हणून जरा जास्तच चढले.

(हाय स्ट्रीट. म्युअर कुटुंबाचं घर.)

वडील डॅनियल म्युअर धान्याचे व्यापारी. रस्ता ओलांडला की आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं घर. 18 फेब्रुवारी 1849 च्या रात्री दोघं भाऊ तिथेच शेकोटीजवळ धडे घोकत बसले होते. वडील आले आणि म्हणाले, आजचा अभ्यास राहू द्या, सकाळी अमेरिकेला निघायचंय.

जॉनला अकरावं सरत आलेलं. शाळेच्या पुस्तकात अमेरिका भेटली होती: गोड रसाची मेपलची झाडं, आभाळ झाकून टाकणारे कबुतरांचे थवे. झाडांत साखर, जमिनीत सोनं, आणि पाठीवर छडी नाही! आजोबांनी दोघांच्या हातावर एकेक सोन्याचं नाणं ठेवलं आणि बजावलं, पोरांनो, तिकडे काबाडकष्टही आहेत. ऐकतंय कोण.

सकाळच्या आगगाडीनं ग्लासगो. निघाले चौघंच: वडील, तेरा वर्षांची सारा, जॉन आणि डेव्हिड. आई ॲन उरलेल्या चार मुलांसह मागे थांबली, तिकडे घर उभं राहीपर्यंत.

डॅनियल यांच्या मनात होता धर्म. इथलं चर्च त्यांना पुरेसं कडक वाटत नव्हतं.

(खुला समुद्र. आभाळ भरून आलेलं.)

शिडाचं जहाज. सहा आठवडे आणि तीन दिवस.

वादळात मोठी माणसं खाली कण्हत पडायची. या डोलणाऱ्या टोपलीत पाय ठेवलाच कशाला, असं म्हणायची. सारा त्यांच्यातच. जॉनच्या आठवणींत या प्रवासातली सारा एवढीच. पोरं मात्र रोज डेकवर. शिडांची आणि दोरांची नावं त्यांनी खलाशांकडून शिकून घेतली, खलाशी ओढू देतील तेवढे दोर ओढले. लाटा जितक्या उंच, तितकी मजा. कप्तान त्यांना आपल्या खोलीत बोलावून पुस्तकं वाचायला द्यायचा. ही स्कॉटिश पोरं इतकं स्वच्छ इंग्रजी वाचतात, याचं त्याला नवल वाटायचं. पुढे ज्यानं डोंगर आणि जंगलं वाचायला शिकवलं, त्याची खरी शाळा आम्हाला तरी या डेकवर दिसते.

खाली वडिलांची वेगळी खलबतं. मुलांना 'अमेरिका' सांगितलं, तरी निघताना बेत कॅनडाचा होता. सोबतच्यांचं बोलणं ऐकून तो बदलला: अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य.

(लोखंडी वजनं, जवळून.)

सामानात काय? तराजू. छप्पन्न पौंडांची दोन ओतीव वजनं, त्याखालचं अठ्ठावीस पौंडांचं, आणि तशीच पुढची. सुतारकामाची हत्यारं, लोखंडी पाचरी. अमेरिकेतल्या बफेलो शहरात पोचल्यावर त्यात लोखंडी चुलीची भर. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहराहून एका शेतकऱ्यानं तीस डॉलरांत हे सगळं शंभरेक मैल ओढलं, चिखलातून. वाटेत तो कपाळ बडवत राहिला: पुन्हा कुणी शंभर डॉलर दिले तरी असलं ओझं नेणार नाही.

(तळं. ओकची झाडं. निळा जे पक्षी.)

फाउंटन लेक, विस्कॉन्सिनमधलं तळं. नवं घर इथेच. गाडी थांबायच्या आत पोरांनी उड्या टाकल्या. झाडावर निळ्या जेचं घरटं दिसलं होतं. सरसर वर चढले, हिरवी अंडी पाहिली, डोळे भरून पाहिली.

आई शरद ऋतूत आली. बाराव्या वर्षी जॉन नांगराला जुंपला गेला. पुढे दुसऱ्या शेतावर नव्वद फूट विहीर त्यानं छिन्नीनं एकट्यानं खोदली, आत साचलेल्या विषारी वायूनं मरता मरता वाचला.

(तळ्याचा काठ. पाणकमळं.)

1890 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्यामागे याच जॉन म्युअरची लेखणी होती. 1892 मध्ये तो सिएरा क्लब या निसर्ग जपणाऱ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. पण त्याच्या कितीतरी आधी त्यानं या तळ्याकाठचा गवताळ तुकडा मेव्हण्याकडे विकत मागितला होता. कुंपण घालून ठेवायचा, गुरं शिरू द्यायची नाहीत, एवढ्यासाठी. मेव्हण्याला तो भाबडेपणा वाटला. सौदा झाला नाही. आज तिथे काउंटीचं उद्यान आहे, जॉन म्युअरच्या नावाचं.