मेंढ्या बसवणं

[पहाट. घाटरस्ता. घोड्यांची रांग.]

दिवाळी सरली. पारनेर, फलटण, माण हा वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा मुलूख. डोंगरावरचं गवत आता पिवळं पडलंय. धनगरांचे वाडे खाली उतरू लागतात; काही वरंध घाटातून महाडच्या अंगाला. वाडा म्हणजे इथं चिरेबंदी घर नव्हे. एकत्र चालणारी काही कुटुंबं आणि त्यांचा कळप, हा वाडा. घोडीवर पीठ, भांडी, ताडपत्री, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. झोळीत कालच जन्मलेली कोकरं.

[भातकापणी झालेली खाचरं.]

जाणता माणूस एक-दोन दिवस पुढं निघून गेलेला असतो. कुणाचं भात निघालं, विहिरीला पाणी किती, मेंढ्या कुणाच्या रानात आधी बसवायच्या, म्हणजे खतासाठी रात्रभर ठेवायच्या, हे सगळं बांधावर उभ्यानं ठरतं. कागद नाही. बरेच शेतकरी ओळखीचे असतात. बापाच्या वेळेपासून तेच रान, तोच वाडा.

[संध्याकाळ. वाघर ठोकताना.]

खुंट्या ठोकून वाघर, म्हणजे जाळी, ताणली जाते. आत कोकरं, बाहेर कुत्री. लांडगा याच वेळेला फिरतो. मेंढ्या मात्र मोकळ्या रानात बसतात, कारण खत पसरायला हवं. एका मेंढीला दीड-दोन चौरस मीटर धरा. पाचशे मेंढ्या म्हणजे रात्रीला आठ-दहा गुंठे. एकरभर रान चार-पाच रात्रींत होतं. रोज जागा सरकवायची. आळसानं तिथंच दुसरी-तिसरी रात्र काढली की त्या तुकड्यात नत्र जादा होतं, पीक नुसतं माजतं आणि लोंबी भरायच्या वेळी लोळतं.

[तांबडं फुटतंय. कळप उठतोय.]

उठल्याबरोबर मेंढी मुतते, लेंड्या टाकते. म्हणून सोडायची घाई नसते. उठवून थोडा वेळ तिथंच उभ्या ठेवतात. रात्रभरात मेंढीमागं साधारण अर्धा किलो लेंडी पडते. लेंडीखतात नत्र सुमारे 3 टक्के, शेणखतात अर्धा टक्का. शिवाय उकिरड्यात वाया जाणारं मूत इथं थेट मातीत मुरतं. वाहतूक नाही, मजुरी नाही. गोणीवर छापलेली किंमत मात्र याला कधी लागली नाही!

[कुळव चालताना.]

पुढचं काम शेतकऱ्याचं. दोन-तीन दिवसांत कुळवाची पाळी घातली तर खत मातीआड होतं. रान तसंच तापत ठेवलं की नत्राचा वायू होऊन उडतो, आणि मग 'मेंढ्या बसवून काही फरक पडला नाही' असं बोललं जातं. एक तक्रार मात्र खरी आहे: वेडी बाभूळ लेंडीतून येते.

[बांध. पलीकडे कोवळा हरभरा.]

बोलावणाऱ्याशी भांडण क्वचित होतं. होतं ते त्याच्या शेजाऱ्याशी. हरभऱ्यात दहा मेंढ्या घुसल्या तरी पाच मिनिटांत वाफा साफ. तिकडं घाटावर उलटा धोका आहे. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यानं किराळ लागते, म्हणजे त्यातलं विष चढतं, फवारलेल्या पाल्यानं विषबाधा होते. एका दुपारी अर्धा कळप आडवा पडू शकतो. फवारणी झाली आहे एवढं बांधावरून सांगितलं तरी पुष्कळ. पीक खाल्ल्याबद्दल कोंडवाड्याचा कायदा 1871 पासून आहे. खत टाकल्याची नोंद कुठल्याच दफ्तरात होत नाही.

पूर्वी मोबदला धान्यात मिळे. मग रोख आली. रासायनिक खत आलं, ऊस आला, पडीक रान आटलं. आता काही गावांत चरायचे पैसे मेंढपाळानंच मोजायचे. मेंढीचोरी, मारहाण, पोरांची सुटलेली शाळा, हेही याच वाटेवर घडतं.

[मे महिना. ढग. वाडा परत निघतो.]

दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही. चिखलात खुरं कुजतात. रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमाराला वाडे घाट चढू लागतात. मागं त्याच खाचरात भाताच्या रोपासाठी वाफे तयार होत असतात.