न्हावा शेवाची मालगाडी: वेळ जातो कुठे?

[दृश्य: जासई यार्ड, सकाळ. शेजारशेजारच्या रुळांवर दोन रेक, म्हणजे जोडून ठेवलेल्या दोन अख्ख्या मालगाड्या. मागे द्रोणागिरीचा डोंगर.]

जासईच्या यार्डात उभी असलेली ही गाडी ४५ वाघिणींची, म्हणजे मालाच्या डब्यांची आहे. लांबी जवळपास ६८६ मीटर. एका वाघिणीवर चाळीस फुटी एक कंटेनर बसतो किंवा वीस फुटी दोन. कंटेनरची मोजदाद टीईयूमध्ये करतात. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. त्या हिशेबानं पूर्ण भरलेली गाडी ९० टीईयू नेते.

न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरानं (जेएनपीटी) २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. त्यातले बहुतेक ट्रेलरवर लादून करळ फाट्यावरून रस्त्यानं आले आणि गेले. रेल्वेचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही आत आहे. कंटेनर गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावू शकते, तरी हे असं का? कारण या मार्गावरचा वेळ गाडी धावताना जात नाही, ती उभी असताना जातो. ती कुठे आणि कशासाठी उभी राहते, तेच आपण पाहणार आहोत.

[दृश्य: रिकामी वाघीण, जवळून. कोपऱ्यातलं कुलूप.]

आधी वाघीण बघू. हिला बीएलसी म्हणतात. पाच वाघिणींचा एक संच असतो, दोन टोकांना ‘ए’ प्रकारच्या आणि मध्ये तीन ‘बी’ प्रकारच्या. अशा नऊ संचांची एक गाडी. संचाच्या आत वाघिणी एकमेकींना आखूड दांड्यानं पक्क्या जोडलेल्या असतात. तिथे नेहमीचं कपलर नसतं, त्यामुळे सुटताना-थांबताना बसणारे हिसके कमी होतात. रुळापासून तळाची उंची फक्त १,००९ मिलिमीटर. ही उंची मुद्दाम कमी ठेवलेली आहे, कारण ‘हाय क्यूब’ प्रकारचा कंटेनर स्वतःच २,८९६ मिलिमीटर उंच असतो आणि वर पूल, बोगदे, विजेची तार आहेच.

वजनाचा हिशेबही असाच नेमका. चार ॲक्सल, म्हणजे चाकांच्या चार जोड्या, प्रत्येकीवर २०.३२ टन. त्यातून वाघिणीचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण ६१ टन माल उरतो. वीस फुटी कंटेनरची मालासकट कमाल मर्यादा ३०.४८ टन असते. दोन ठेवले की ६१ टनांची जागा भरली. म्हणून कागदावर २६ टन आणि प्रत्यक्षात ३१ टन असा एक जरी कंटेनर आला तरी सगळं गणित बिघडतं. १ जुलै २०१६ पासून निर्यातीचा प्रत्येक कंटेनर जहाजात चढण्याआधी त्याचं तपासलेलं वजन देणं जगभर बंधनकारक झालं. नियम जहाजांसाठी होता, पण त्याचा फायदा रुळांनाही झाला. एकूण वजन बरोबर असूनही आतला माल एका बाजूला रचलेला असेल, तर धोका राहतोच. एका बाजूच्या चाकांवरचा भार हलका होतो, आणि वळणावर किंवा सांध्यावर हलकं झालेलं चाक रुळावर चढू शकतं.

चारही कोपऱ्यांत ही आपोआप लागणारी कुलुपं असतात, ट्विस्ट लॉक. कंटेनर खाली टेकला की ती स्वतःच बसतात आणि क्रेननं सरळ वर ओढलं की सुटतात. निदान सुटायला हवीत. माती साचली, टोक झिजलं किंवा वाकलं, तर एखादं सुटत नाही. मग क्रेन कंटेनरबरोबर वाघिणीचा एक कोपराही उचलते, आणि खाली सोडल्यावर चाक रुळावर परत नीट बसेलच असं नाही. चालकाला वरून हे चटकन दिसत नाही. म्हणून पहिली काही इंच उचल सावकाश करायची आणि खाली उभ्या माणसानं चारही कोपरे मोकळे झाल्याची खूण दिल्यावरच पुढे जायचं. रिकाम्या कंटेनरला याच्या उलट भीती असते. कुलूप नीट बसलं नसेल, तर धावत्या गाडीवरून वाऱ्यानं तो उडू शकतो.

[दृश्य: टर्मिनलची रेल्वे साइडिंग. रुळांवर उभी गॅन्ट्री क्रेन.]

क्रेनखालच्या रुळांवर विजेची तार नसते. २५,००० व्होल्टच्या तारेखाली कंटेनर उचलता येणार नाही, एवढं साधं कारण आहे. म्हणून इथल्या शेवटच्या टप्प्यावर डिझेल इंजिन गाडी आत सरकवतं. इंजिन बदललं की ब्रेकच्या नळीत पुन्हा हवा भरायची, दाब इंजिनाशी दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोपर्यंत आणायचा आणि शेवटच्या वाघिणीपर्यंत तो पोचला का ते बघायचं. काम लहान आहे, पण दर फेरीला करावं लागतं.

खरा घोळ वेगळाच. या बंदरात एक नाही, अनेक टर्मिनल आहेत. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, त्यानंतर दहा वर्षांनी पहिलं खासगी टर्मिनल आलं आणि मग आणखी वाढत गेली. दिल्लीकडच्या दादरी किंवा तुघलकाबादहून निघालेल्या गाडीतले सगळे कंटेनर एकाच जहाजाचे नसतात. समजा ३० कंटेनर एका टर्मिनलचे, ४० दुसऱ्याचे आणि २० तिसऱ्याचे आहेत. आता दोनच वाटा उरतात. एक, तीच गाडी तिन्ही ठिकाणी फिरवायची. प्रत्येक ठिकाणी शंटिंग, म्हणजे वाघिणी पुढेमागे सरकवणं, आणि प्रत्येक ठिकाणी रांग. दुसरी, गाडी एकाच जागी रिकामी करायची आणि उरलेले कंटेनर ट्रेलरवरून त्यांच्या त्यांच्या टर्मिनलला पोचवायचे. दुसऱ्या वाटेत कंटेनर एकदा जास्त उचलावा लागतो, पण ४५ वाघिणी अडकून पडत नाहीत. आमच्या मते हीच वाट बरोबर. एका ट्रेलरचा खोळंबा परवडतो, अख्ख्या रेकचा नाही.

आयातीचा प्रवास असा: जहाज लागतं, कंटेनर उतरतो, टर्मिनलच्या आवारात थर लावून ठेवला जातो. आतल्या भागातल्या कोरड्या बंदरात नेण्यासाठी कस्टम्सची परवानगी लागते, कारण शुल्क तिथे भरायचं असतं. परवानगी आली की त्याच दिशेचे गाडीभर कंटेनर जमण्याची वाट बघायची. दिल्लीकडचे लवकर जमतात. कमी मालाच्या ठिकाणांचे मात्र पडून राहतात, आणि थराच्या तळाशी गेलेला कंटेनर काढायला वरचे तीन-चार हलवावे लागतात. निर्यातीत वेळेचा काच असतो. जहाजाची मुदत टळली तर कंटेनर पुढच्या जहाजापर्यंत तिथेच. प्रत्येक कंटेनर कुठे आहे, हे आरएफआयडी टॅगवरून, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या पट्टीवरून, पाहण्याची सोय याच बंदरात जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. गाडी पोचण्याआधी तिची यादी टर्मिनलच्या हाती असेल, तर क्रेन आणि ट्रेलर तयार ठेवता येतात. यादीत वाघिणीचा क्रम चुकला, तर सगळी तयारी वाया जाते.

[दृश्य: चिखलाची जमीन, खारफुटी, त्यातून गेलेला भराव.]

ही सगळी जमीन मिठागरांची, शेतीची आणि खाडीची होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात शेतकऱ्यांनी लढा दिला, त्यात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. या रुळांची गोष्ट सांगताना ते पाच हुतात्मे वगळता येणार नाहीत.

भरावाखाली खोलवर मऊ सागरी चिखल आहे. त्यावर थेट रूळ टाकले तर भराव वर्षानुवर्षं खचत राहतो, आणि सगळीकडे सारखा खचत नाही. त्यामुळे आधी चिखलात उभ्या निचरापट्ट्या खुपसतात, वर मातीचं ओझं ठेवून पाणी पिळून काढतात, आणि मगच काम पुढे जातं. खारा वारा रुळाचा तळवा खातो, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा जाम होतात. त्यांना वेळेवर ग्रीस लावावं लागतं, आणि रूळ व क्लिप यांच्यामध्ये बसणाऱ्या लोखंडी लायनरऐवजी काचतंतू मिसळलेले नायलॉनचे लायनर वापरतात. विजेच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पहिल्या ओलाव्यात त्यावरून वीज उडी मारते आणि पुरवठा बंद पडतो, म्हणून ते पुसत राहावं लागतं.

[दृश्य: पनवेलहून निघालेली गाडी. नकाशावर मार्ग.]

पनवेलच्या पुढे गाडीला लोकल आणि मेल-एक्स्प्रेसच्या गर्दीतून वाट काढायची असते. उत्तरेकडची गाडी दिवा, भिवंडी रोड, कामण रोड करत वसईला निघते. गर्दीच्या वेळी मालगाडीला थांबवून ठेवतात. नागपूर-भुसावळकडच्या गाडीपुढे कसारा घाट आणि पुण्याकडच्या गाडीपुढे बोरघाट. दोन्हींचा चढ ३७ फुटांत एक फूट, म्हणून मागे जादा इंजिनं लावावी लागतात.

समर्पित पश्चिम मालवाहतूक मार्गिका या गर्दीला वळसा घालते. जेएनपीटी ते दादरी, सुमारे १,५०० किलोमीटर. वैतरणा ते जेएनपीटी हा टुकडा सगळ्यांत शेवटी उरला, कारण इथे दाट वस्ती, उल्हास नदी आणि कुंडेवहाळचा डोंगर वाटेत आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावरचा निळजे इथला जुना उड्डाणपूलही या कामासाठी पाडून पुन्हा बांधावा लागला.

पूल का आड येतो? कारण या मार्गिकेवर गाडी दुमजली धावते, कंटेनरवर कंटेनर ठेवून. बेरीज करा. तळ १,००९ मिलिमीटर, त्यावर २,८९६ चे दोन कंटेनर. एकूण ६,८०१. नेहमीच्या मार्गावर तार साधारण साडेपाच ते पावणेसहा मीटरवर असते, इथे ती सुमारे साडेसात मीटरवर नेली आहे. अमेरिकेत दुमजली गाडीसाठी खोलगट वाघीण लागते. आपला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, रुंद, १,६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे सपाट वाघिणीवरच काम भागतं. जड कंटेनर खाली, हलका वर, आणि मध्ये हातानं बसवायची जोडकुलुपं. चारपैकी एक जरी राहिलं, तरी गाडी सोडायची नाही.

४५ वाघिणींच्या अशा दोन दुमजली गाड्या जोडल्या की दीड किलोमीटर लांबीची, ३६० टीईयूची गाडी होते. जानेवारी २०२१ मध्ये याच मार्गिकेवर हरियाणातल्या न्यू अटेली ते राजस्थानातल्या न्यू किशनगढ अशी पहिली लांब दुमजली विजेवरची गाडी धावली. तिच्यावरचे सगळे कंटेनर चाळीस फुटी धरले तर १८० उतरवायचे आणि १८० चढवायचे. एका क्रेनच्या तासाला २५ उचली धरल्या, तर दोन क्रेनना सात तासांहून जास्त लागतात, तीन क्रेनना पाच तासांच्या आसपास. भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्सचं यार्ड अशा लांब गाडीचा विचार करून बांधलंय. जिथे साइडिंग सातशे मीटरची, तिथे गाडी तोडायची, शंटिंग करायचं, ब्रेक पुन्हा तपासायचे, आणि जाताना पुन्हा जोडायची. वाटेत वाचवलेले तास तिथेच संपतात. म्हणून नव्या रुळांइतकाच पैसा यार्डाची लांबी वाढवण्यावर आणि तिसऱ्या क्रेनवर आत्ताच घातला पाहिजे.