आशा रांगेत शेवटी

(दृश्य : रविवार सकाळ. बेळगाव कॅम्पातले रस्ते, चर्चकडे निघालेली कुटुंबं.)

रविवारी सकाळी बेळगावात नुसतं कान देऊन फिरावं. मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी, चारही भाषांतून एकाच देवाची आळवणी चाललेली असते. सीमेचा वाद ज्या गावात इतकी वर्षं धुमसतोय, त्या गावात हे ऐकायला जरा गंमतच वाटते.

लंडन मिशनचे लोक इथं १८२० साली आले. १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली, तिला आज बेननस्मिथ हायस्कूल म्हणतात. आणि १८३१ मध्ये याच बेळगावात, एका कासाराच्या घरी बाबा पदमनजी जन्मले. मिशनच्या शाळेत शिकले, पुढं मुंबईला गेले. मन बरीच वर्षं हेलकावे खात होतं. १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ जात सुटली, घर तुटलं.

(दृश्य : जुन्या मराठी छपाईची पानं.)

तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून हिचंच नाव घेतलं जातं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांचे हाल बघत जाते. पुढं ती स्वतःच विधवा होते. नव्या श्रद्धेनं उभारी मिळालेला हा तरुण लिहायला बसला, तो आधी इतरांची दुःखं मांडायला. कादंबरी प्रचारकी आहे, ते लपत नाही. पण दुःखाला वळसा घालून तो आशेकडे गेला नाही, हे त्याचं मोठेपण.

बायबलही वळसा घालत नाही. तेरावं स्तोत्र घ्या. जेमतेम सहा ओव्या, आणि त्यात ‘कुठवर?’ हा सवाल चार वेळा. देवालाच विचारलेला. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो.

(दृश्य : खानापूर तालुका. भाताची खाचरं, कौलारू घर, दारात चपलांचा ढीग.)

खानापूरकडच्या गावात संध्याकाळची घरसभा. पेटी आहे, टाळ आहेत. रेव्हरंड टिळकांची भजनं इथल्या बायकांना पुस्तक न उघडता येतात. ज्या घरी आज सभा आहे, तिथला कर्ता माणूस या पावसाळ्यात गेला. गाणं सुरू झालं आणि घरधनिणीला हुंदका आवरेना. कुणी तरी घाईनं प्रार्थना सुरू करू लागलं, तर कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, ‘‘रडू दे की तिला. प्रार्थना मागनं बी हुईल.’’

पाळकांनीही मग बायबल मिटून ठेवलं.

दुःखात असलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव, सगळं ठीक होईल’ असं सांगणं सोपं असतं. खरं सांगायचं तर अशा वेळी ते ऐकवतही नाही. येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं ते वेगळं आहे. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा लाजवत नाही, असंही तो म्हणतो, पण रांगेत तिला शेवटी उभी करतो. फटके खाल्लेला, जहाज फुटून समुद्रात पडलेला माणूस हे लिहितोय. त्याच्या लेखी आशा म्हणजे मनाचा उत्साह नव्हे. सोसत, टिकून राहत ती तयार होते. आणि त्याची भिस्त स्वतःच्या धीरावर नाही, मेलेल्या येशूला देवानं उठवलं यावर आहे.

पण ती आशा तयार होईपर्यंत, मधल्या काळात काय करायचं? इथल्या बायकांचं उत्तर साधं आहे. जिच्याकडं आशा उरली नाही, तिच्या वाटचं गाणं बाकीच्यांनी म्हणायचं. तिनं नुसतं बसलं तरी चालतं. कुणी भाताची कापणी उरकून देतं, कुणी पोराला शाळेत सोडतं, कुणी पेन्शनच्या कागदांसाठी तिच्याबरोबर तहसील कचेरीत जातं.

(दृश्य : सभा संपते. चहा.)

पुढची सभा कुणाच्या घरी, यावर आता चर्चा चालू आहे. घरधनीण अजून गायलेली नाही. पण ‘‘परत हितंच ठेवूया,’’ असं तीच म्हणते.