साहेब का नाही उतरले?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'अपंगांकडे पाहण्याची समाजाची बदलती दृष्टी'. तिकडे येतोच, आधी एक जिना चढू.

माझ्या आत्याला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. घरात लाड होते, खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. पण पाहुणे आले की तिची रवानगी माजघरात. धाकट्या बहिणींची लग्नं अडतील, एवढंच कारण. त्यांच्या लग्नातल्या अक्षता तिनं खिडकीतून टाकल्या. आजीला मी दुष्ट म्हणणार नाही. तिला गावाची भीती होती, आणि गावानं ती खरी करून दाखवली असती.

पुढे आत्या म्हातारी झाल्यावर निराधार अनुदानाची पडताळणी आली. कचेरी वरच्या मजल्यावर. मी म्हटलं, "त्या खाली रिक्षात बसल्यात, खिडकीतून दिसतील." उत्तर आलं, "लाभार्थी समक्ष पाहिजे." मग आत्याला पाठुंगळी घेतली. वर अंगठा उमटवला आणि तसेच खाली आलो. बराच वेळ ती गप्प होती. रिक्षा वळल्यावर म्हणाली, "बावीस पायऱ्या होत्या. काय रे, साहेबांचे पाय धड होते ना? मग ते का नाही उतरले?"

हसा, आम्हीही हसलो होतो. पण तोवर जन्मभर सगळ्यांनी तिच्या पायांचीच चौकशी केली होती. जिन्याची चौकशी करणारी ती पहिली.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगतो.

मनुस्मृतीनं जन्मांध, बहिऱ्या माणसांना वारसाहक्क नाकारला, फक्त अन्नवस्त्र द्या म्हटलं. व्यंगामुळे वारसा जाणार नाही, हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 नं स्वच्छ लिहिलं. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना पकडून कोंडता येईल असा इंग्रजांचा 1898 चा कायदा केंद्रानं रद्द केला 2016 मध्ये! वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवन उभं केलं, तेव्हा तो कायदा जिवंत होता. मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, पोहण्यात सुवर्णपदक आणलं, पद्मश्री मिळाली 2018 ला. मधली 46 वर्षं आपण कुठे पाहत होतो?

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते आणि नोकऱ्यांत 3 टक्के जागा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आणि 4 टक्के. त्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती 2024 मधली. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सगळीकडे सहज जाता-वावरता यावं यासाठीचे, निकष नुसते शिफारशीपुरते चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारकच हव्यात. आत्याचा प्रश्न तिथवर पोचला, असं मी मानतो. ती तेव्हा नव्हती.

या सभागृहाच्या दारात पाच पायऱ्या आहेत, येताना मोजल्या. पुढच्या व्याख्यानमालेआधी तिथं उतार बांधू, असं अध्यक्षांनी मघाशी मला सांगितलंय. आत्ताही मान हलवताहेत. सगळ्यांनी बघून ठेवा.