उत्तरसूचीचं पान

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. अर्धं उघडं शटर, आत पुस्तकांच्या गठ्ठ्यांची थप्पी.)

निवेदन :
सोलापूरचा पारा 42 च्या पुढे गेलाय. शाळांना कुलपं आहेत, पण शाळेच्या कामाची खरी घाई आत्ता इथं, स्वाध्यायपुस्तिका काढणाऱ्या या प्रकाशनात आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, तेव्हा स्वाध्यायपुस्तिका दुकानात दिसली पाहिजे. ऑगस्टमध्ये पोचलेलं पुस्तक दुकानदार गठ्ठा न सोडताच परत पाठवतो.

(दृश्य : संगणकांची खोली. बाहेरून यंत्रमागांची खटखट.)

डीटीपीवर, म्हणजे संगणकावर पानं जुळवायला बसलेला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शेजारची मुलगी कन्नड. ऱ्हस्व-दीर्घ अडलं की दोघंही कोश उघडतात. मराठी घरातल्यांना तेवढीही शंका येत नाही, हा भाग वेगळा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं फुटतात. मग एकेक 'प्रश्न' हाताने सांधायचा.

पानांचा हिशेब तर निर्दयच. एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेल्या सोळा पानांचा एक फर्मा, सहा फर्म्यांची 96 पानं. मजकूर 97 व्या पानावर सांडला की कात्री लागते, आणि बहुतेक वेळा ती चित्रावर चालते. प्रश्न कमी केले तर शिक्षक विचारतात. चित्र गेलं तर फक्त पोरांना कळतं.

अभ्यासक्रम ठरतो पुण्यात, धाप लागते इथं. चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा 2017 मध्ये पाचवी-आठवीला गेली आणि जुन्या मार्गदर्शकांची रद्दी झाली. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं. राज्यभर वाद झाला, विनोद झाले. असले सरावसंच काढणाऱ्यांपुढे मात्र साधा प्रश्न होता : आता छापायचं काय?

(दृश्य : टेबलावर प्रूफांचा गठ्ठा, लाल पेन. बाजूला डब्यातली कडक भाकरी, शेंगाचटणी.)

इथं सगळ्यांत जास्त धास्ती असते ती शेवटच्या पानाची, उत्तरसूचीची. टाइप सगळ्यांत बारीक, आणि वेळही त्यालाच सगळ्यांत कमी मिळतो. धड्यात काना राहिला तर गुरुजी फळ्यावर सुधारतात. सूचीत उत्तर चुकलं, तर बरोबर उत्तर लिहिलेलं पोर ते खोडून चुकीचं लिहितं. छापलेलं खोटं असेल, असं त्याच्या मनातही येत नाही. मग अक्कलकोट, सांगोल्याहून फोन सुरू होतात.

म्हणून प्रूफ वाचणाऱ्या ताई सूचीवर पोस्टकार्ड ठेवतात आणि पाचवीचं गणित कच्च्या कागदावर स्वतः सोडवतात. रोज, वीस-पंचवीस पानं. पुस्तकावर त्यांचं नाव नसतं.

(दृश्य : छपाईवाला दारात उभा. ताई वर बघत नाहीत.)

"ताई, प्लेटा लावू का?"

"थांब जरा. आठव्याचं उत्तर 'क' येतंय. सूचीत 'ब' आहे."

(पोस्टकार्ड खाली सरकतं. नववा प्रश्न.)