व्याख्या खरी की खोटी?

नमस्कार, श्रोतेहो.

शाहू महाराजांनी बांधलेल्या आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात तुम्ही निकाली कुस्ती बघितली असेल. जोड कितीही वेळ झुंजो, एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय निकाल नाही. तोच पैलवान गादीवर उतरला, की पाठ न टेकताही गुणांवर हरू शकतो. मग हरण्याचा खरा अर्थ कुठला, मातीवरचा की गादीवरचा? या प्रश्नाला उत्तर नाही. आधी काय ठरलंय ते सांगावं लागतं. पण एकदा ठरलं, की कोण हरला हे पंचाच्या मर्जीवर राहत नाही.

गणितातली व्याख्या अशीच ठरवलेली असते. प्रमेयाला सिद्धता लागते, व्याख्येला कुणी सिद्धता मागत नाही.

मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, 1 ला 1 नं भाग जातो, म्हणजे स्वतःनंही जातोच की. मग 1 मूळ संख्या का न्हाई?” व्याख्येत बसत नाही, एवढं सांगून मी पुढं गेलो. ते अपुरं होतं, याची मला आजही रुखरुख आहे.

मूळ संख्या म्हणजे 1 पेक्षा मोठी आणि 1 व स्वतः यांनीच भाग जाणारी. यातलं ‘1 पेक्षा मोठी’ हे माणसांनी ठरवलं. 1742 साली गणितज्ञ गोल्डबाख यांनी दुसरे गणितज्ञ ऑयलर यांना जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, त्यात ते 1 ला मूळ संख्याच धरत होते. 1914 साली गणितज्ञ लेहमर यांनी 1,00,06,721 पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिची सुरुवातही 1 नं होते. यांचं चुकलं नव्हतं, त्यांचा ठराव वेगळा होता.

मग तो ठराव का बदलला? 60 चे मूळ अवयव पाडा: 2, 2, 3, 5. क्रम बदलेल, अवयव बदलणार नाहीत. अंकगणिताचा केवढा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे! 1 ला मूळ म्हटलं, की त्यात एक 1 घाला, दोन घाला, शंभर घाला, गुणाकार 60 च राहतो आणि अवयव पाडायच्या रीतींना अंत उरत नाही. मग प्रत्येक प्रमेयात ‘1 सोडून’ असं लिहीत बसावं लागेल. 1 चा स्वभावच वेगळा आहे, आणि आजची व्याख्या त्याचा मान राखते. त्या मुलीला मी हे फळ्यावर करून दाखवायला हवं होतं.

ठरवायचंच आहे, तर वाटेल ते ठरवावं का? तसं नाही. आपल्याकडच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं इसवी सन 628 मध्ये शून्याचे नियम मांडले. त्यातले बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम आपण आजही वापरतो. पण 0 भागिले 0 म्हणजे 0, असंही त्यानं म्हटलं. कागद-पेन्सिल घ्या. या 0 भागिले 0 मध्ये 1 भागिले 1 मिळवू. अपूर्णांकांच्या रीतीनं छेद येतो 0 गुणिले 1, म्हणजे 0. अंशही 0. म्हणजे पुन्हा 0 भागिले 0, उत्तर 0. आता सरळ बेरीज करा: 0 अधिक 1. उत्तर 1.

ब्रह्मगुप्ताची व्याख्या खोटी, असं मी म्हणणार नाही. अपूर्णांकांची रीत सोडायची तयारी असेल, तर ती ठेवता येते. पण पाव किलो गुळात अर्धा किलो घातला की पाऊण किलो होतो, हा हिशेब सोडायला कोण तयार होईल? म्हणून शाळेच्या गणितात 0 भागिले 0 ची जागा मोकळी ठेवली आहे.