वहीतली पहिली ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर लागला, खानापूरकडच्या शेतांत भाताची कापणी सुरू झाली की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या सणाची गडबड उडते. देवळात वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, रताळी, नारळ, भोपळे, कुणाची पहिल्या खेपेची अंडी. उपासना झाली की लिलाव. दहा रुपयांची काकडी दोनशेला जाते आणि घेणारा ती पुन्हा वेदीवर ठेवतो, पुन्हा लिलाव. लहानपणापासून मी हे बघत आलोय आणि अजूनही त्या दिवशी मला घरी बसवत नाही.

आज याच सणाच्या निमित्ताने एक वचन तुमच्यापुढे ठेवायचं आहे. येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, थेस्सलनीकाकरांना, लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, अठराव्या ओळीत ते आहे. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ पुन्हा सांगतो, सर्व स्थितीत. सर्व स्थितीबद्दल नाही, स्थितीत. या एका प्रत्ययावर माझं आजचं सगळं बोलणं उभं आहे, म्हणून कानात राहू द्या. स्थितीत.

याच्याच जोडीला लूकच्या शुभवर्तमानातली, सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. येशू यरुशलेमेकडे निघालाय आणि वाट कुठली, तर शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरची. आता सीमा म्हटलं की आपले कान उभे राहतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांत हा शब्द जेवणाच्या ताटावर बसलेला आहे. तिथल्या सीमेवरही यहुदी आणि शोमरोनी एकमेकांकडे पाणी पीत नसत. पण हे दहाजण एकत्र राहत होते. रोगाने त्यांना एका गावाबाहेर काढलं होतं, मग तिथे कोण कुठला हे कोण विचारतो?

दहाजण लांबून ओरडतात, ‘आमच्यावर दया कर.’ येशू त्यांना हात लावत नाही, औषध देत नाही. तो एवढंच म्हणतो, ‘जाऊन स्वतःला याजकांना दाखवा.’ नियमशास्त्राप्रमाणे बरा झालेला रोगी याजकाने तपासायचा असे, बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात ती सगळी रीत आहे. म्हणजे बरं झाल्यावर जायचं तिथे हे अंगावरचे चट्टे घेऊनच निघाले. आणि लूक लिहितो, जाता जाता ते शुद्ध झाले. विश्वास म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी हीच पायवाट दाखवतो. अंग अजून तसंच आहे, आणि माणूस चालायला लागला आहे.

दहा बरे झाले. एक परत आला, आणि तो शोमरोनी होता. येशूने विचारलं, ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ त्या नऊजणांना मी कृतघ्न म्हणत नाही. ते सांगितलेल्या कामालाच गेले होते, घरी बायकापोरं वाट बघत असतील. पण परत आला तो एक. उपकार मानणं म्हणजे परत येणं. मनातल्या मनात मानले, असं नाही. पाय वळवून परत येणं.

इथे एक सांगून टाकतो. हल्ली आमच्या उपासनांत की-बोर्ड इतका मोठ्याने वाजतो की आभाराच्या गाण्यातला एकही शब्द कानावर पडत नाही. नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीने, ओवी आणि अभंग आमच्या देवळांत आणले ते टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर म्हणायला. बेळगावात १८२० पासून मिशनचं काम आहे. लंडन मिशन होतं, १९०४ मध्ये मेथडिस्ट आले. एवढ्या वर्षांत एक कन्नड गीत, एक मराठी गीत अशी किती उपासनांची सवय झाली आहे आपल्याला. शेजारचा माणूस दुसऱ्या भाषेत गातोय हे ऐकू आलं पाहिजे. आवाज कमी करा, एवढीच विनंती.

तर त्या ‘स्थितीत’चा अर्थ मला जिने शिकवला, ती माझी मावशी. माझ्या आईची थोरली बहीण. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापुराकडे उतरते, त्या काठावरच्या एका गावात तिचं घर. मातीच्या भिंती, वर कौलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. एक शेळी, अर्धा एकर भातशेत, परसात शेवग्याचं झाड.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. पहिल्या आठवड्यात पाऊस असा धरला की सुटायचं नाव घेईना. वीज गेलेली, फोन बंद. त्या रात्री मावशी पाण्याच्या आवाजाने नाही, शेळीच्या ओरडण्याने उठली. पाय खाली टाकला तर घोट्याएवढं पाणी. दार उघडेस्तोवर पिंढरीला आलं. बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. ती चौकट धरून उभी राहिली आणि तेवढ्यात पाठीमागची भिंत बसली. पडली नाही म्हणायची ती, बसली. ओलं पोतं बसतं तशी.

तेव्हा कुणीतरी तिचं मनगट धरलं. ‘बा अव्वा’ एवढंच म्हणालं. कन्नडमध्ये ‘ये आई’. आता आमच्याकडे मराठी माणूससुद्धा घाईत असं बोलून जातो, त्यावरून काही कळायचं नाही. हात ओला, खरखरीत, अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्या हाताने तिला गल्लीतून वर शाळेच्या पायरीपर्यंत ओढत नेलं, तिचा हात पायरीच्या कठड्यावर ठेवला आणि तो माणूस परत खाली पाण्यात गेला. तोंड दिसलं नाही.

शाळेत गंजी केंद्र निघालं, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्याजेवणाची सोय. मावशी तिथे नऊ दिवस होती. रस्ता सुरू झाल्यावर मी गेलो. वाटलं होतं, ही रडेल. मला बघितल्याबरोबर ती म्हणाली, ‘वही आणलीस काय रे? नाही? मग त्या पोराकडून एक माग.’ एका मुलाने रेशनच्या पिशवीतली, मागे पाढे छापलेली शंभर पानी वही दिली. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. नऊ दिवस तिने सगळं डोक्यात बांधून ठेवलं होतं.

‘लिही. शेजारचा पोरगा, शेळी खांद्यावर घालून आणली. लिही. भात वाढणारी बाई, मला दोनदा वाढलं, विचारलं नाही. लिही. डॉक्टरीण, पायाला पट्टी. गिरणीवाला, चार किलो पीठ, पैसे नको म्हणाला. मशिदीशेजारचा पत्र्यांचा दुकानदार, सहा पत्रे, पैसे जमतील तेव्हा. तलाठी, घर बघून लिहून नेलं, बूट काढून आत आला. बेळगावची कॉलेजची पोरं, दोन चादरी.’

एकतीस ओळी झाल्या. सगळ्यांत वरची ओळ तिने आधी लिहून घेतली होती. ‘मनगट धरणारा.’ पुढे नाव नाही.

मी विचारलं, ‘मावशी, घर गेलं, कणगीतलं भात भिजून कोंब आले, रोपं वाहून गेली. आणि तू उपकार कसले लिहून घेतेस?’ तर ती माझ्याकडे जरा चिडूनच बघत म्हणाली, ‘पुराचे नाही रे मानत मी उपकार. पुराला काय ओवाळू? पुरात मानतेय.’

पुराबद्दल नाही, पुरात. तिने थेस्सलनीकाकरांचं पत्र कधी वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. मी ते वाचून भाषणं देत होतो आणि तो प्रत्यय मला त्या शाळेच्या व्हरांड्यात कळला.

त्या वर्षी कापणीच्या सणाला तिच्या शेतात फार काही नव्हतं. कुणाच्या उरलेल्या रोपांनी पुन्हा लावणी केली होती, ती निम्मीअर्धी उगवली. बाकीच्यांनी पेंढ्या आणल्या. मावशीने पदराखालून वही काढली, वर मूठभर भात ठेवलं आणि वेदीपुढे नेऊन मांडली. लिलाव सुरू झाला, नारळ गेला, रताळ्यांची टोपली गेली, आणि पुकारणाऱ्याच्या हातात वही आली. त्याला काय करावं सुचेना. पाळकसाहेबांनी ती उघडली, दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, ‘आक्का, हे काय आणलंत?’

मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाली, ‘यंदाचं पीक.’

पाळकसाहेबांनी लिलाव थांबवला. उभं राहून एकतीसही ओळी वाचल्या, मोठ्याने, सावकाश. निम्म्याहून जास्त माणसं आमच्या मंडळीतली नव्हती. लिंगायत होते, मुसलमान होते, मराठा होते, सरकारी नोकर होते. देवळात त्यांची नावं अर्पणाच्या जागेवरून वाचली गेली. मग वही मावशीला परत दिली आणि म्हणाले, ‘याचा लिलाव करता येत नाही.’

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितली नसती. खरी गोष्ट पुढे आहे. मावशीने त्या वहीतल्या प्रत्येक माणसाच्या दारात जायचं ठरवलं. जाऊन आली की मला फोन, ‘त्या ओळीवर खूण कर.’ जाताना हातात काहीतरी. शेवग्याच्या शेंगा, मापभर तांदूळ. पत्रेवाल्याचे पैसे फिटल्यावरसुद्धा ती पुन्हा गेली, कारण पैसे फेडणं वेगळं आणि उपकार मानणं वेगळं, असं तिचं म्हणणं. २०२० च्या टाळेबंदीत जाणं थांबलं, तर ती अस्वस्थ. डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती, दोन बस बदलून गेली. गिरणीवाला दरम्यान वारला होता, त्याच्या मुलासमोर बसून सांगून आली, तुझ्या बापाने मला चार किलो पीठ दिलं होतं.

कॉलेजच्या पोरांपैकी एकाचा पत्ता लागला तो उद्यमबागेत, एका फाउंड्रीत. त्या दिवशी मी बरोबर होतो. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला, हात काळे, कपाळावर घाम. मावशीने वर्तमानपत्रात गुंडाळलेली उकडलेली रताळी त्याच्या हातात दिली. त्याला काहीच आठवेना. ‘कसल्या चादरी?’ तिने रंग सांगितला, निळी आणि एक पट्ट्यापट्ट्यांची. मग तो तिथेच गेटाजवळ उकिडवा बसला, एक रताळं सोललं, अर्धं तिला दिलं. दोघांनी खाल्लं. भोंगा झाला, तो आत गेला. बसमध्ये मावशी म्हणाली, ‘आता कर खूण.’

दहापैकी एक परत आला, ही ओळ मी आता वाचतो तेव्हा मला तो शोमरोनी आपल्या लाल बसच्या खिडकीशी बसलेला दिसतो, मांडीवर पिशवी.

लूकच्या त्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे, ती सांगतो. दहाही जण ‘शुद्ध झाले’ असं आधी येतं. परत आलेल्याला मात्र येशू म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे,’ आणि तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळा आहे, त्यात तारलं, वाचवलं असाही अर्थ आहे. कातडी दहांची निवळली. पण अंगावरची कातडी आज ना उद्या जायचीच. पौल करिंथकरांना लिहितो, दिसणाऱ्या गोष्टी क्षणिक, न दिसणाऱ्या सार्वकालिक. आणि फिलिप्पैकरांना, तेही तुरुंगातून, लिहितो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. आम्ही सीमेवरच्या माणसांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपला गाव कुठल्या राज्यात यासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण १ नोव्हेंबरला इथे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि एकीकडे मराठी माणसांचा काळा दिन असतो, आणि त्याच तारखेला जगभरच्या कितीतरी मंडळ्या सर्व संतांचा दिवस पाळतात. मी त्या दिवशी संध्याकाळी मावशीच्या गावाकडे जातो.

ती आता नाही. शेवटच्या आजारपणात भेटलो तेव्हा तिने वही उशाखालून काढायला लावली. तीस खुणा झालेल्या. पहिली ओळ कोरी. तिने गावात किती जणांचे अंगठे बघितले असतील, किती जणांना विचारलं असेल. कुणी पुढे आलं नाही. मी म्हटलं, ‘मावशी, एवढं एक राहिलं.’

ती म्हणाली, ‘राहू दे. त्याचं नाव तिथं लिहिलेलं असणारच की. गेल्या गेल्या आधी तेच विचारीन.’ आणि पाणी मागितलं.

वही माझ्याकडे आहे. श्रोतेहो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेकाठी, काळोखात, अंगठ्याला चिंधी बांधलेल्या हाताने तुम्ही एका म्हातारीला शाळेच्या पायरीपर्यंत नेलं असेल, तर एकदा भेटा. मी रताळी घेऊन येईन.

नमस्कार.